गोदाक्कांची वहिवाट

धारवाडात नदी नाही असं कुणी म्हणालं की गोदाक्का चालता चालता थांबत. एरवी त्या कशासाठीच थांबत नसत. ओळखीचं कुणी भेटलं तर त्याने त्यांच्याबरोबर चालत बोलायचं आणि बोलणं संपेल तिथून परत फिरायचं, असा नियम होता. त्यामुळे आमच्या माळमड्डी भागातली बोलघेवडी मंडळी सकाळी त्यांना लांबून बघितलं की गल्ली बदलत. दोन वाक्यांच्या चौकशीसाठी थेट कॉलेजच्या टेकडीपर्यंत चालण्याची कुणाची तयारी नसे.

नदीचा विषय निघाला की मात्र त्या थांबत, कमरेवर हात ठेवत आणि समोरच्याला विचारत, "भूगोल कुणी शिकवला हो तुम्हाला?"

भूगोल त्या स्वतः शिकवत असत. मुलींच्या शाळेत आयुष्य काढून त्या निवृत्त झाल्या, त्याच सुमाराला म्हणजे सत्तर सालाच्या आसपास, मी त्यांच्या शेजारच्या खोल्यांत भाड्याने राहायला आलो. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. आमची ओळख झाली तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, विशेषतः खाली, आणि म्हणाल्या, "टाचा घासत चालता तुम्ही, प्रोफेसर. इतिहासवाल्यांचं असंच असतं."

माणसं त्या चालण्यावरून ओळखत. गल्लीतला एक तरुण कारकून लाच घेतो अशी बातमी आली तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. अक्कांना बसला नाही. "तो कधी रस्त्याच्या मधून चालायचा नाही की हो. सारखा कडेकडेने," त्या म्हणाल्या. हे शास्त्र किती खरं ते मला ठाऊक नाही. पण त्यानंतर महिनाभर माळमड्डीतले पुष्कळ लोक रस्त्याच्या मधून चालत होते.

दिसायला त्या लहानखुऱ्या, काटक. साडी साधी, सुती, बहुधा फिक्या रंगाची. आणि त्या साडीखाली मुलांचे पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट. ते दर शनिवारी खडूने पांढरे होत. सुरुवातीला या बुटांवर बायकांत बरंच बोलणं झालं म्हणे. मी आलो तोवर ते संपलं होतं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारायचं धाडस ज्यांनी केलं त्यांना त्या शांतपणे तुंगभद्रेच्या कालव्यांची माहिती सांगू लागत.

त्यांच्या फिरण्याच्या वाटा ठरलेल्या होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं. गवळी ज्या बाजूने कॅन घेऊन येत ती दुधाची वाट. आझाद पार्कात शिरून मागच्या फाटकाने बाहेर पडणारी ती पेन्शनरांची वाट, कारण बाकावर तेच बसलेले असत. सोमेश्वराकडे जाणारी ती नदीची वाट. आणि रोजची, सगळ्यांत आवडती, ती तळ्याची वाट. तिच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

नदीच्या वाटेवर माझ्या सासऱ्यांना एकदा जावं लागलं. ते सांगलीचे, कृष्णेच्या काठी वाढलेले. नदीकाठच्या माणसाला बाकीच्या गावांबद्दल जी कीव वाटते ती त्यांना भरपूर वाटे. आल्या दिवशी चहा घेताना ते म्हणाले, "गाव छान आहे तुमचं, हवा छान, पेढे छान. पण नदीच नाही म्हणजे सकाळी माणसं फिरायला जातात तरी कुठे?"

गोदाक्का कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे सासरे कोट, टोपी घालून त्यांच्या मागे निघाले. मीही निघालो, कारण परत कोण आणणार हा प्रश्न होता. लाल मातीच्या रस्त्याने, शेतं आणि आंब्याची झाडं ओलांडत आम्ही सोमेश्वराच्या देवळापाशी पोचलो. तिथे दगडातून पाण्याची एक बारीक धार कुंडात पडत होती. गोदाक्का शेजारी उभ्या राहिल्या.

"कुठाय नदी?" सासऱ्यांनी विचारलं.

"ही काय. शाल्मला."

"ही?"

"लहान आहे अजून," गोदाक्का म्हणाल्या. "तुमची कृष्णा महाबळेश्वरला केवढी असते? ही इथून निघते, पुढे जंगलात शिरते, एक मोठी उडी मारते आणि समुद्राला जाऊन मिळते. सगळं एकदम दारात कसं मिळणार?"

सासऱ्यांनी टोपी काढली आणि धारेखाली हात धरून डोळ्यांना पाणी लावलं. सांगलीला परत जाताना गाडीत बसल्यावर माझ्या बायकोला म्हणाले, "बाई फार हुशार आहेत. पण नदीत माझा रुमालसुद्धा भिजला नसता."

हुबळीबद्दल अक्कांचं मत फारसं चांगलं नव्हतं. एकदा कोप्पीकर रोडच्या मागे एका कार्यालयात आमच्या दोघांच्या ओळखीचं लग्न होतं. अक्षता पडल्या. पंगतीला अवकाश होता. गोदाक्का म्हणाल्या, "चला प्रोफेसर, जरा पाय मोकळे करू." दुकानांची गर्दी त्यांनी झपाट्याने ओलांडली आणि मागच्या अंगाला एक नाला होता त्याच्या कडेने चालू लागल्या. मी नाकाला रुमाल लावला होता. "हा येतो कुठून ते बघू," त्या म्हणाल्या. नाला कुठून येतो हे बघण्याची माझी काही इच्छा नव्हती, मला बुंदीचे लाडू दिसत होते. विचारत विचारत, वखारी आणि चाळी मागे टाकत आम्ही शेवटी उणकलच्या तळ्यावर निघालो. ते खरोखर सुंदर होतं हे मला मान्य करावं लागलं. बांधावर बसून आम्ही पेरू खाल्ले. पंगत हुकली.

वरमाय दुखावल्या. "अक्का, जेवायलाच नाही थांबलात?"

"लग्न बघितलं की," अक्का म्हणाल्या. "गाव बघायचं राहिलं होतं."

परतीच्या बसमध्ये त्यांनी निकाल दिला. हुबळीची माणसं पोचण्यासाठी चालतात, त्यामुळे त्यांना वाटेतलं काही दिसत नाही. मी विचारलं, धारवाडची कशासाठी चालतात? "धारवाडची चालतच नाहीत. बसून बोलतात," त्या म्हणाल्या.

आता तळ्याची वाट. आमच्या गल्लीच्या टोकाला हणमंतराव वकिलांचा बंगला होता. बंगल्यामागे त्यांची आमराई, आणि आमराई संपली की माविनकेरी नावाच्या तळ्याचा बांध. तळं मोठं नव्हतं, पण पाणी उन्हाळ्यातही टिके, आणि बांधावरून पूर्ण फेरी मारता येई. वकिलांच्या आमराईतून एक सपाट पायवाट थेट बांधावर जात होती. तळ्यापलीकडच्या बायका दह्याची मडकी आणि भाजी घेऊन याच वाटेने गावात येत. गोदाक्का रोज सकाळी याच वाटेने जात. दुसरा रस्ता होता, पण तो हमरस्त्याने लांबून, आधी उतार मग चढ, आणि त्यावरून ट्रक जात.

वकील विधुर होते, उंच, पाठीत थोडे वाकलेले. त्यांनी कधी कुणाला अडवलं नाही. फक्त वर्षातून एक दिवस, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, ते फाटकाला कुलूप लावत आणि आत वेताच्या खुर्चीवर स्वतः बसून राहत. कारण त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. खासगी जमिनीतून लोक वर्षानुवर्षं अखंड जात राहिले की कायद्याने त्यांची वहिवाट होते, आणि मग मालकालाही वाट बंद करता येत नाही. म्हणून वर्षातून एकदा दार लावून ठेवायचं. म्हणजे वहिवाट अखंड राहत नाही.

त्या एका दिवशी गोदाक्का नेहमीच्या वेळी येत. कडी हलवून बघत.

"बाई, आज वाट बंद," वकील आतून म्हणत.

"का हो वकीलसाहेब?"

"मालकाची मर्जी."

"मालकाला सांगा, भूगोलात जमिनीवर नाव नसतं. उंची असते, उतार असतो, पाऊस किती ते असतं."

"कोर्टात भूगोल चालत नाही, बाई. बसा, कॉफी येतेय."

बाहेर अक्कांसाठीही एक खुर्ची ठेवलेली असे. मधे फाटक. गड्याने फाटकाच्या गजांतून कॉफीचा पेला बाहेर द्यायचा. मग दोघं तासभर भांडत. नेहमी भांडणाचा विषय एकच, की जमीन कुणाची असते. वकिलांकडे कलमं होती, अक्कांकडे खडक आणि नद्या. ऊन चढलं की अक्का उठून, आल्या रस्त्याने घरी जात. एरवी आल्या रस्त्याने परत जाणं त्यांना बिलकूल खपत नसे.

पुढे एकदा मी ही गोष्ट माझ्या कोर्टातल्या मित्राला, भीमरावला, सांगितली. तो हसला. "एक दिवस कुलूप लावून काहीसुद्धा होत नाही. वर्षभर बंद ठेवावी लागते वाट, आणि तेही लोकांनी निमूट ऐकून घेतलं तर. एवढं हणमंतरावांना माहीत नव्हतं असं वाटतं तुला? जिल्ह्यातले जमिनीचे निम्मे दावे त्यांनी चालवले होते."

अक्कांना मी हे विचारलं नाही. मला तुंगभद्रेचे कालवे ऐकायचे नव्हते.

वकील होते त्याच काळात आमच्याकडे एक मंडळ स्थापन झालं. गोदाक्कांच्या मागे सकाळी तीनचार जण चालू लागलेले पाहून निवृत्त मामलेदार गुरुनाथरावांना राहवलं नाही. चार माणसं एका दिशेने जाताना दिसली की त्यांना घटना लिहावीशी वाटे. 'प्रभात पदभ्रमण मंडळ' असं नाव ठरलं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, दोन चिटणीस, एक खजिनदार आणि मार्गदर्शक म्हणून गोदाक्का. बैठका संध्याकाळी मामलेदारांच्या व्हरांड्यात होत आणि चहा झाल्यावर लांबत. फिरताना अध्यक्षांच्या पुढे उपाध्यक्षांनी चालावं की नाही यावर एक पूर्ण बैठक झाली. पहिल्या वर्षी मंडळ एकदा फिरलं. आझाद पार्कच्या फाटकापासून आझाद पार्कच्या बाकापर्यंत. तिथे फोटो काढला. त्या फोटोत गोदाक्का नाहीत. फोटोवाला कॅमेरा लावेपर्यंत त्या मागच्या फाटकाने निघून गेल्या होत्या.

"मला कशाला मार्गदर्शक करता?" त्या गुरुनाथरावांना म्हणाल्या. "मार्गावर येणार असाल तर दाखवीन की."

वकील वारले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. गोदाक्का स्मशानापर्यंत गेल्या नाहीत, तेव्हा बायका जात नसत. पण त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एकदा तळ्यावर जाऊन आल्या, हे मी पाहिलं. संध्याकाळी त्या कधी जात नसत.

त्याच वर्षी त्यांचा गुडघा दुखायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, चालणं सोडू नका, पण सपाटीवर चाला. चढउतार बंद. टेकडी गेली, नदीची वाट गेली, दुधाची आणि पेन्शनरांचीही गेली. उरली तळ्याची. अक्कांनी यावर कुरकूर केली नाही. पण त्यांच्या पुण्याच्या भाच्याची, मुकुंदची, पत्रं वाढली. तो भला माणूस होता आणि त्याला खरंच काळजी होती. मावशीने एकटं राहू नये, आपल्याकडे यावं, खोली रिकामी आहे. अक्कांचं उत्तर दर वेळी तेच. मी रोज सकाळी तळ्याला फेरी मारून येते, मला काय धाड भरलीय? जोवर ते लिहिता येत होतं तोवर ठीक होतं. मला त्या एकदा सरळ म्हणाल्या, "प्रोफेसर, मी घरात बसले की संपलं. मुकुंद मला घेऊन जाईल, खिडकीपाशी बसवेल आणि वेळच्या वेळी दूध देईल. वाईट काही नाही त्यात. पण ती मी नसेन."

आणि नेमकं तेव्हा वकिलांच्या मुलाने, राघवेंद्रने, आमराईच्या कडेला विटा उतरवून घेतल्या.

राघवेंद्र तारिहाळला एका कारखान्यात इंजिनियर होता. रोज बसने जाई येई. दुष्ट अजिबात नव्हता, फक्त त्याला सगळं सरळ रेषेत हवं असे. आमराईचे प्लॉट पाडायचे, भोवती भिंत घालायची, असं त्याने ठरवलं होतं. अक्का त्याच्याकडे गेल्या. तो चड्डीत होता तेव्हापासून त्या त्याला ओळखत होत्या.

"राघू, वाट ठेवणार ना रे?"

"अक्का, वाट कसली? अप्पांनी जाऊ दिलं म्हणून लोक जात होते. दर वर्षी एक दिवस कुलूप लावायचे की नाही? कशासाठी लावायचे, तुम्हीच सांगा." तो अगदी नम्रपणे बोलला. "तुम्हाला तळ्यावर जायचंय तर माझ्या स्कूटरवरून सोडतो की सकाळी."

अक्का घरी आल्या आणि पहिल्यांदाच मला त्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. "स्कूटरवरून फिरायला नेतो म्हणाला," त्या म्हणाल्या. हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मी त्यांना भीमरावकडे नेलं. त्याने सगळं ऐकलं आणि सांगितलं, दावा भक्कम आहे. गावातली माणसं, दहीवाल्या बायका, सगळे साक्षीला उभे राहतील. एक दिवसाच्या कुलपाला कोर्ट विचारणार नाही. "फक्त एक सांभाळा," तो म्हणाला. "आम्ही मालकाच्या परवानगीने जात होतो असं कुणाच्या तोंडून निघता कामा नये. परवानगी म्हटली की हक्क गेला. हक्काने जात होतो, एवढंच म्हणायचं."

"परवानगी कोण म्हणणार?" अक्का म्हणाल्या.

ही माहिती मंडळाच्या कानावर घालायला हवी होती, असं आता वाटतं. पण मंडळाचा कारभार एवढा जोरात चालतो याची आम्हा दोघांना कल्पना नव्हती. भिंतीची बातमी गुरुनाथरावांना कळली. तातडीची बैठक भरली. तरुण सदस्यांनी निषेधाचा ठराव मांडला. गुरुनाथराव म्हणाले, "छे छे! संघर्ष नको. सत्कार करू. माणूस शालीखाली आला की मवाळ होतो, हा माझा नोकरीतला अनुभव आहे."

आठवड्याभरात आमराईच्या फाटकाशी मांडव पडला. खुर्च्या आल्या, सतरंज्या आल्या, लाउडस्पीकर आला. फाटकाच्या खांबात बसवायला संगमरवरी पाटी तयार झाली. पाटीवर कन्नड वर असावं की मराठी वर असावं यावर वाद झाला आणि शेवटी दोन्ही शेजारी शेजारी घ्यायचं ठरलं. त्यामुळे मजकुराची अक्षरं बारीक झाली, राघवेंद्रचं नाव तेवढं मोठं राहिलं.

गोदाक्कांना मार्गदर्शक म्हणून व्यासपीठावर बसवलं होतं. कार्यक्रम सत्काराचा आहे एवढंच त्यांना माहीत होतं. मी आणि भीमराव मागच्या रांगेत होतो. गुरुनाथराव भाषणाला उठले. आधी वेद, मग उपनिषदांतलं चालणं, मग पदयात्रांचा इतिहास असं करत ते अर्ध्या तासाने आमराईपर्यंत पोचले.

"आणि आज," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ज्यांच्या वडिलांच्या कृपेने, आणि ज्यांच्या स्वतःच्या उदार परवानगीने, होय, परवानगीने, आपण सारे नागरिक या वाटेवरून..."

भीमरावने कपाळाला हात लावला. "गेला दावा," तो पुटपुटला. "तीनशे साक्षीदारांसमोर गेला."

व्यासपीठावर गोदाक्का ताठ बसल्या होत्या. पडदा बाजूला झाला. पाटीवरही तेच होतं, संगमरवरात, दोन भाषांत. टाळ्या झाल्या. राघवेंद्रला शाल, श्रीफळ, चंदनाचा हार. त्याच्या चेहऱ्यावर मला आधी संकोच दिसला, मग आश्चर्य, आणि मग असं काहीतरी जे मी इंजिनियर माणसाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. कारखान्यात त्याला आजवर कुणी हार घातला नव्हता. आभार मानायला तो उठला आणि "अप्पा असते तर" एवढंच म्हणून खाली बसला.

घरी जाताना गोदाक्का एवढ्या वेगाने चालत होत्या की मला पळावं लागलं. गुडघ्याचं नाव नाही. "इतकी वर्षं पायांनी मिळवलं, ते यांनी एका शालीत देऊन टाकलं," त्या म्हणाल्या. "आणि मी वर बसले होते, मठ्ठासारखी! नारळसुद्धा मीच त्याच्या हातात दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बूट घातले, पण सावकाश घातले. धुकं होतं. विटांचा ढीग तसाच दिसत होता. फाटकाशी राघवेंद्र उभा होता, कालची शाल खांद्यावर, आणि ओल्या फडक्याने पाटी पुसत होता. मांडवाची धूळ बसली होती तिच्यावर.

"बर्री अक्का, या या!" तो म्हणाला. "बघा, रस्त्यावरून वाचता येतं ना? मला वाटतं थोडी वर बसवायला हवी होती."

अक्कांनी पाटी पूर्ण वाचली, दोन्ही भाषांत, पेपर तपासतात तशी. "अक्षर चांगलं आलंय," त्या म्हणाल्या. "भिंत केव्हा घालतोस?"

"भिंत?" तो जरा गोंधळला. "घालायची की. पण मग ही दिसणार कुठून? मी म्हणतो, वाट ठेवून दोन्ही अंगांनी घालावी. प्लॉट थोडे लहान होतील, होऊ देत. लोक काय म्हणतील, अक्का? काल सगळ्या गावाने ऐकलंय."

दह्याचं मडकं घेऊन एक बाई पलीकडून आली. त्याने स्वतः फाटक धरून तिला वाट दिली आणि पाटीकडे बोट केलं. तिला वाचता येत नव्हतं. त्याने तिला वाचून दाखवली.

मी ही हकीकत भीमरावला सांगितली, तेव्हा तो अक्कांना भेटायला आला. "कायद्याने तुमचा हक्क शून्य झालाय, हे लक्षात ठेवा," तो म्हणाला. "उद्या त्याच्या मनात आलं तर तो बंद करू शकतो."

"हक्क होता तेव्हा कडी मला उघडावी लागायची," गोदाक्का म्हणाल्या. "आता तो उघडतो."

शाली, श्रीफळं, मानपत्रं, पाट्या यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे आणि अजूनही करतो. त्या दिवसापासून आवाज थोडा खाली आणून करतो, एवढंच. गुरुनाथराव मात्र सगळ्यांना सांगत सुटले की हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. ओळखलं असेलही. मामलेदार होते.

भिंत राहूनच गेली. विटांतून दोन नवे खांब आणि बांधाच्या तोंडाशी एक बसायचा कट्टा झाला. ऐंशी साल उलटलं. माझी बदली बेळगावच्या कॉलेजात झाली आणि आम्ही सामान बांधायला काढलं, त्याच आठवड्यात मुकुंद पुण्याहून आला. या वेळी पत्र न लिहिता स्वतःच आला, परतीची दोन तिकिटं काढून. तो बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, अंगाने भरलेला, बोलायला गोड. "मावशी, आता मी ऐकणार नाही," तो आल्या आल्या म्हणाला.

"बरं की," अक्का म्हणाल्या. "उद्या सकाळी तळ्यावर बोलू. प्रोफेसर, तुम्हीही या. परत कधी येणार तुम्ही?"

सकाळी आम्ही तिघं निघालो. राघवेंद्रने फाटक उघडलं, मुकुंदला पाटी दाखवली आणि हस्तांदोलन केलं. आमराईत मुकुंद बोलत होता, खोलीबद्दल, डॉक्टर किती जवळ आहेत त्याबद्दल. बांधावर पोचेपर्यंत त्याची वाक्यं तोकडी झाली. अक्कांची पावलं पूर्वीपेक्षा लहान झाली होती, पण पडत होती एकासारखी एक. मुकुंदने कट्टा पाहिला आणि त्याच्यावर बसला. घाम पुसला.

"मावशी, किती आहे हो अजून?"

"सुरुवात आहे ही," अक्का म्हणाल्या. "तू बस. दम खा. मी एक फेरी मारून येते, मग पुण्याचं काय ते बोलू."

आणि त्या निघाल्या. आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो. पाण्यावरचं धुकं विरत होतं. त्या बांधाच्या वळणावर लहान झाल्या, मग आणखी लहान. पलीकडच्या काठावर पोचल्यावर त्यांनी हात वर केला. मुकुंदला वाटलं बोलावतायत, तो उठू लागला. मी म्हटलं, बसा, पाणकावळे दाखवतायत. खरंच तिथे एका बुंध्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते.

मुकुंद बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. पाणकावळ्यांकडे नव्हे. मग त्याने खिशातून दोन्ही तिकिटं काढली, एक परत ठेवलं, दुसरं हातात धरून मला विचारलं, "धारवाड स्टेशनवर तिकीट परत घेतात का हो?"

घेतात म्हणालो मी. तेवढ्यात गोदाक्का केतकीच्या बनाआड गेल्या होत्या, आणि पुन्हा दिसल्या तेव्हा अर्ध्याहून पुढे होत्या.